कासव नव्हे, बेडूक

लेस्टर,
१८ ऑक्टोबर १९८७

ती. आईंना अलकाचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि मेतकूट पोचलं. राजीव ते टोस्टवर भुरभुरवून खातो. मी तिकडे बघत नाही. थंडी सुरू झाली आहे. हॉस्पिटलात आम्हा दोघांच्या ड्यूट्या नेहमीसारख्याच उलटसुलट.

तुमच्या कासवाची एक बातमी आहे. शेजारच्या मिसेस प्रिचर्डनी मला दिलेला तो बोटाच्या पेराएवढा लालसर दगडी प्राणी आठवतो ना? गेल्या वर्षी तुम्ही इथे होतात तेव्हा कासव समजून तो देव्हाऱ्यात बाळकृष्णासमोर मांडलात आणि सहा महिने त्याला पंचामृताने न्हाऊ घालून हळदकुंकू वाहिलंत. परवा म्युझियममध्ये लोकांच्या जुन्या वस्तू तपासून देत होते, तिथे नेला. तो बेडूक आहे, आई. इजिप्तचा, कार्नेलियन नावाच्या रत्नात कोरलेला, तीन हजार वर्षांपूर्वीचा.

तपासणाऱ्या बाईंना भिंगातून त्याच्या पायांच्या खाचांत पिवळं काहीतरी दिसलं आणि त्या एकदम गंभीर झाल्या. मी हळद म्हणून सांगितलं आणि सगळा दोष तुमच्यावर ढकलला. यापुढे आंघोळ बंद, असं बजावून त्या हसल्या. म्हणाल्या, "तिकडच्या बायका सुखरूप बाळंतपणासाठी असा बेडूक जवळ बाळगायच्या. तुमच्या सासूबाईंचं फारसं चुकलेलं नाही."

मला तिथेच रडू आलं. राजीवने त्यांना सर्दी झाल्याचं सांगितलं. आमचं हे नेहमीचंच.

तुम्ही असताना मार्चमध्ये मी चार दिवस झोपून होते, तो फ्लू नव्हता. तिसरा महिना होता, गर्भ टिकला नाही. तुम्ही नातवंडाची इतकी वाट बघत होतात की सांगायचा धीरच झाला नाही. पण फ्लू झालेल्या बाईला कोणी अळिवाची खीर करून घालतं का? ती बाळंतिणीची खीर. तुम्ही रोज वाटी हातात दिलीत आणि एका शब्दाने विचारलं नाहीत. आम्ही दोन डॉक्टर खोटं बोलत होतो आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आता पाचवा महिना आहे. स्कॅन चांगला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, असं तुम्ही म्हणालच. पण माझी आई नाही, आणि उदयदादाकडे जाऊन मी काय करू? मला तुम्ही हव्या आहात. जानेवारीतच या.

या वेळी काही झालं तर आधी तुम्हाला सांगेन. तुम्हीही कळलं तर गप्प राहू नका. मला जवळ घेऊन बसा.

तुमची, बरीच घाबरलेली,
अलका