प्रस्थानाची बॅग

मांजर्ली, बदलापूर
४ मे १९८७

ती. माईस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

निवृत्तीचा हार सुकायच्या आत ह्यांनी तिकिटं काढली. मंगळवारी, बारा तारखेला निघायचं. दिल्ली, आग्रा, जैसलमेर आणि शेवटी मनाली. वैशाखात वाळवंट बघायचं कुणाच्या डोक्यात येतं का? पण तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला काही बोलवत नाही.

ह्यांच्या बॅगेत खाली मलमलचे सदरे, टोप्या, ग्लुकोजचे डबे आणि वर उल्हासनगरहून आणलेले दोन जाड स्वेटर. मे महिन्यात स्वेटर मागितले म्हणून तो सिंधी दुकानदार हसला. मला हसू येत नाही. डॉक्टर जा म्हणाले, पण जिभेखाली ठेवायच्या गोळ्या जवळ हव्यात. छातीत दुखलं तरी हे सांगत नाहीत, चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. फार धास्ती वाटते.

तुझी कुंदा

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
६ मे १९८७

चि. सौ. कुंदास अ. उ. आ.

पंचांग पाहिलं. मंगळवारचा योग प्रवासाला बरा नाही. तिकिटं बदलू नका, पण रविवारी सकाळी नऊच्या आत शरदरावांचं प्रस्थान ठेव. भरलेली बॅग शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात. एकदा बाहेर गेलेली बॅग निघेपर्यंत घरात आणायची नाही, उघडायचीही नाही. म्हणून सगळं आधीच भर, गोळ्या सर्वांत आधी. शरदराव थट्टा करतील, करू देत. मला काही आणू नका, धड परत या.

माई

मांजर्ली, बदलापूर
३० मे १९८७

ती. माईस शि. सा. न. वि. वि.

तू तेरा दिवस इथे होतीस, पण माणसांत बोलता आलं नाही. गोळी वेळेवर मिळाली नाही, एवढंच सगळ्यांना सांगितलं. का, ते लिहिते.

रविवारी मी बॅग शेजारी वेणूबाईंकडे ठेवली. गोळ्यांची बाटली तिच्यातच. चार गोळ्या बाहेर ठेवू असं हे म्हणत होते. बाहेर ठेवल्या तर घरीच राहतील, असं मीच म्हटलं. सोमवारी जेवताना ह्यांनी छाती धरली. मी धावले तर वेणूबाईंच्या दाराला कुलूप. त्या लेकीकडे खरवईला गेलेल्या. वरवंट्याने कुलूप फोडलं. बॅगेला हात घातला आणि थांबला, उघडायची नाही म्हणून. क्षणभरच माई, पण थांबला. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं.

लोक नशीब म्हणतात. नशीब कसलं, मीच. वेणूबाई रोज विचारतात, बॅग आणून देऊ का. मी दार लावून घेते. जगावंसं वाटत नाही, हे तुला नाही तर कुणाला लिहू?

तुझी कुंदा

अंबरनाथ
२ जून १९८७

चि. कुंदास अ. उ. आ.

सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं, म्हणून तो कागद फाडून हा घेतला.

तू स्वतःच्या हाताला दोष देतेस. मी पंचांग उघडलंच नव्हतं. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मला नाशिकपलीकडे नेलं नाही. तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. तुम्ही जायचं ते माझ्या शब्दाने जावं, एवढ्यासाठी मुहूर्त मनानेच काढला. कुलपाचं वेणूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तेरा दिवस मी तुझ्या शेजारी गप्प झोपले.

आता मला काय म्हणायचं ते म्हण. जिवाचं मात्र बरंवाईट करू नकोस. उद्या येते आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. लोभ मागायचं तोंड मला उरलं नाही.

माई