हळदीची कॅसेट

जुईनगर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. राजूताईस,
मालाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तुझं खांदेश्वर इथून किती लांब, मग फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. शाळेत सिस्टर म्हणायच्या ना, जे तोंडाने सांगवत नाही ते स्वच्छ अक्षरात लिहावं. माझा निबंध बघून त्यांना हमखास शंका यायची की हा ताईने लिहून दिलाय. बहुतेक वेळा खरंच तू दिलेला असायचा.

इकडे सगळे बरे. घरात सध्या नव्या कॉम्प्युटरशिवाय विषय नाही. डिसेंबरात आमच्या प्राचीच्या लग्नाला वीस वर्षं होतील. आपले व्हिडिओवाले शहाजी, त्यांनी दुकान बंद करताना लग्नाच्या मूळ कॅसेटी आणून दिल्या. न कापलेलं, अकरा तासांचं शूटिंग. यांनी ते सगळं बाहेरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, आणि आता त्यातून नवी फिल्म करायचा ध्यास घेतलाय. जुना कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद पडतो. मला त्याचं फार बरं वाटायचं.

तुझा अश्विन दर रविवारी यांच्या मदतीला येतो. ऑफिस, पोरं सांभाळून येतो, डबा भरून दिला तर नको म्हणतो. एवढं मावशीचं प्रेम एकदम कुठून उतू आलं, असा वाईट विचार माझ्या मनात आला. हसू नकोस.

गेल्या रविवारी आम्ही तिघं वाशीला दुकानात गेलो. विकणारा म्हणाला, "आंटी, एडिटिंग करायचं तर बत्तीस जीबी रॅम घ्या, ग्राफिक कार्ड चांगलं घ्या."
मी म्हटलं, "आठ जीबीवाला नाही का चालणार?"
"चालेल ना. पण लांब क्लिप टाकली की अडकणार."
"मग तोच द्या."
अश्विन म्हणाला, "मावशी, पोळ्या लाटायला पेन्सिल घेतेस का तू?" हे हसून म्हणाले, "हिला जुनं काही फेकवत नाही आणि नवं काही घेववत नाही." मीही हसले. पण मग अश्विन माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "तुला नक्की हवाय ना गं कॉम्प्युटर?" त्याला काही माहीत आहे का, या प्रश्नाने त्या दिवसापासून मला सोडलेलं नाही.

शेवटी त्या दोघांनी मोठाच ठरवला. विकणारा सांगत होता, या मशीनवर आवाज सुद्धा साफ होतो, बँडचा गोंगाट बाजूला काढून मागची कुजबुज वेगळी ऐकता येते. ते ऐकून मी पुन्हा आठ जीबीवालाच मागितला, ताई.

घरी आल्यावर मी अश्विनला सहज बोलल्यासारखं म्हटलं, "हळदीचा भाग फार लांबतो रे, काढून टाक." तो म्हणाला, "तेवढा नाही काढायचा. आईला हळदीत बघायचंय मला. ती दरवेळी सांगते, मी पुढे झाले आणि नेमकी कॅसेट संपली. बघूया तरी, कुठे संपली ते." त्याच्या रविवारांचं कारण इतकं साधं होतं, आणि मी त्याच्यावर संशय घेत बसले होते.

कॅसेट संपली नव्हती.

तेव्हा भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. सवाष्णी हळद लावत होत्या, तू खांबाशी उभी होतीस. प्राचीनेच तुझा हात धरला. "मावशी, तू लाव." तू वाटीत बोटं बुडवलीस, आणि मी शहाजींच्या कानाशी जाऊन म्हणाले, "ताईला घेऊ नका, कॅमेरा तिकडे वळवा. सासरचे बघतील." कॅमेरा वळला. पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता, मी पाहिला होता. पुढे तू फिल्म बघताना विचारलंस, "मी कुठे गं?" आणि मी सांगितलं, कॅसेट संपली. तू लगेच मान डोलावलीस. तुला माझी शंका आलीच नाही.

सासरच्यांचं नाव घेतलं, पण भीती माझी होती. मागच्या वर्षी प्राचीच्या सासूबाईंनीच विचारलं, "तुमच्या ताई एवढं करत होत्या, मग हळदीत कशा नाहीत?" त्यांनाही मी कॅसेटचंच सांगितलं. नन्सच्या हाताखाली शिकलेल्या आपण, इंग्रजी कादंबऱ्या वाचून जुन्या चालींना नावं ठेवणाऱ्या. आणि वेळ आली तेव्हा मी माझ्या ताईला अशुभ धरलं. दुसरा सौम्य शब्द शोधत होते, सापडला नाही.

गुरुवारी कॉम्प्युटर येतोय. पुढच्या रविवारी अश्विन हळदीची फाइल उघडेल. त्याआधी मी त्याला सगळं सांगणार आहे, यांनाही. कापू नकोस, माझा आवाजही काढू नकोस, असं सांगणार आहे. पण तुला हे त्याच्याकडून कळू नये, म्हणून आज लिहिलं.

रविवारी ते बघायला आलीस तर दारातून परत जायचीही मोकळीक आहे. नाही आलीस तर मी फोन करून विचारणार नाही.

कॅमेऱ्यामागे उभी राहिलेली,
तुझी माला