वहिनी, चहा द्या

कोथरूड, पुणे
८ फेब्रुवारी २००४

प्रिय अनंत भाऊजी,

'प्रिय' लिहिताना जरा थांबले. तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. 'ती.' लिहावं तर तुम्ही माझ्याहून लहान, 'श्री.' लिहिलं तर डेअरीच्या ऑफिसातून नोटीस आल्यासारखं वाटेल. तेव्हा प्रियच असू द्या. मला लांब लिहायची सवय नाही. सगळी नोकरी कात्रजला दुधाच्या लॅबमध्ये झाली, तिथे फॅट किती आणि डिग्री किती एवढंच लिहायचं असे. पण फोनवर बोलावं तर तुम्ही फोनच करत नाही. ह्यांच्या तेराव्यानंतर तुमचा आवाज मी ऐकलेला नाही. दिवाळीला कार्ड आलं, संक्रांतीला तिळगुळाचं पाकीट आलं, आत चिठ्ठी, 'सर्व क्षेम, काळजी घ्यावी.' मी दोनदा बंगलोरला तुमच्या मुलाकडे फोन केला. दोन्ही वेळा सूनबाईंनी उचलला आणि बाबा फिरायला गेलेत म्हणाल्या. दुसऱ्या वेळी मागे तुम्ही खोकलात. तुमचा खोकला मला ओळखता येतो, भाऊजी.

मी बरी आहे. हे तोंडदेखलं लिहीत नाही. सकाळी टेकडीवर जाते, दुपारी थोडी पडते. चैताली मॅडम आठवत असतील, हे आजारी पडल्यावर ह्यांना बोलायला शिकवायला घरी येत त्या. त्यांनी आता डहाणूकर कॉलनीत मोठी जागा घेतली आहे. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे जाते. काम काही विशेष नाही. बोलणं गेलेली माणसं आत शिकत असतात तेव्हा त्यांच्या घरच्यांजवळ बाहेर बसायचं. त्या बायकांना काय विचारायचं असतं ते मला ठाऊक आहे, आणि त्या ते डॉक्टरांना विचारत नाहीत. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त जातात. उत्तरेश्वर काका अजून सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि अजून पार्किंगवर बोलतात. आता त्यांना थांबवणारं कुणी नाही.

तिथे बसले की मला आमचे पहिले दिवस आठवतात. तुम्ही होतातच, तरी लिहिते. ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला, आणि बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला, 'हो'. समजत सगळं होतं. पण चहा हवा, हो. नको, तरी हो. तुम्ही दोघे टेपरेकॉर्डरच्या कंपनीत कामाला होतात तेव्हा मॅनेजमेंटपुढे तुम्हा सगळ्यांच्या वतीने बोलणारा हा माणूस. बाहेरचा माल आला, कंपनी बंद पडली, त्या शेवटच्या मीटिंगमध्येही साहेबाला शेवटपर्यंत 'नाही' म्हणाला होता. आणि आता उत्तरेश्वर काका विचारायचे, काय बद्रीनाथराव, बरं वाटतंय ना, तर हो. काका खूश होऊन जायचे आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. मग भिंतीकडेच राहिले. दाढी करू देईनात, गॅलरीत येईनात, ताट ठेवलं की डाव्या हाताने सरकवून द्यायचे. हाताचे व्यायाम शिकवायला येणाऱ्यालाही परत पाठवलं. चैताली मॅडम मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे डिप्रेशन आहे. हात नंतर बघू. आधी यांना घरात माणूस म्हणून परत आणू." परदेशात अशा लोकांसाठी बोलणारं यंत्र मिळतं, बटण दाबलं की यंत्र बोलतं, हे त्यांनीच सांगितलं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं. तुम्ही तेव्हा बुधवार पेठेत दुरुस्तीचं टेबल टाकून बसला होतात. तुम्ही एवढंच विचारलंत, "मॅडम, बोलणाऱ्या बाहुलीत असते तसली चिप ना?"

तो डबा तुम्ही घेऊन आलात तो दिवस मला नीट आठवतो. जेवणाच्या डब्याएवढा, वर कॉलबेलची आठ बटणं. आता आवाज कुणाचा भरायचा हा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, काकूंचा भरा. ह्यांनी ज्या नजरेने बघितलं त्यावरून तो विषय संपला. मग तुम्हीच माइक हातात घेतलात. मॅडमनी वाक्यं लिहून आणली होती. पहिलंच होतं, 'रतन, चहा दे.' तुम्ही 'र' म्हणालात आणि थांबलात. घसा खाकरलात, पाणी प्यायलात, परत 'र' वर थांबलात. कान लाल झाले होते तुमचे. मग डोळे मिटून म्हणालात, "वहिनी, चहा द्या."

मॅडम हसायला लागल्या. "अहो काका, ते त्यांचे मिस्टर आहेत!"

"ते मला माहीत आहे हो. पण बावीस वर्षं वहिनी म्हणतोय. एका बटणासाठी आता अरे-तुरे कसं करू? आमच्या आईने थोबाड फोडलं असतं."

आणि पलंगावरून आवाज आला. आम्ही तिघेही दचकलो. हे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे नीट दिसत नव्हतं, पण हसतच होते. झटक्यानंतरचं पहिलं हसू. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, राहू दे, वहिनीच राहू दे.

तुम्ही त्यांचा बाकीचा कागदही बदललात. पाणी, चहा, पंखा, बाथरूम, सगळं मागायचंच होतं त्यात. "हा माणूस मागणारा नाही मॅडम, भांडणारा आहे. याला भांडायची सोय द्या," असं म्हणून तुम्ही दोन बटणांवर 'मला कुणी विचारलंय का?' आणि 'पुरे झालं आता!' भरलंत. ती दोन बटणं सगळ्यांत आधी झिजली. पुढच्याच महिन्यात हे माझा हात धरून खाली सोसायटीच्या मीटिंगला आले. डबा मांडीवर. उत्तरेश्वर काका पार्किंगवर बोलत होते. ह्यांनी जरा वाट पाहिली, मग बोट ठेवलं, आणि तुमच्या आवाजात सगळ्या हॉलभर, 'पुरे झालं आता!' लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. त्यानंतर ह्यांनी एकही मीटिंग चुकवली नाही. दाढीसुद्धा मीटिंगच्या दिवशी न चुकता करून घ्यायचे. व्यायामाच्या माणसाला परत बोलावलं. मॅडम त्याला रिहॅबिलिटेशन म्हणतात. मला तो शब्द म्हणताना अजून अडखळायला होतं, पण तो काय आहे ते मी त्या हॉलमध्ये पाहिलं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मला रतन म्हणणारं एकच माणूस उरलं होतं. माहेरची मोठी माणसं गेली, आम्हाला मूल नाही. सोसायटीत मी काकू, लॅबमध्ये बाई, तुमच्याकडे वहिनी. मी तर ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही, त्यामुळे तक्रार करायचा मला काही अधिकार नव्हता. पण दिवसातून पंधरा वेळा नवरा वहिनी म्हणतो, आणि तेही अहो-जाहो करून, तेव्हा कधी कधी पातेलं जरा जोरात ठेवलं जायचं.

ह्यांना ते समजलं असावं. मॅडमकडे कॉम्प्युटर आला तेव्हाची गोष्ट. मॅडम माइकमध्ये एक शब्द बोलायच्या, पडद्यावर हिरवी रेघ उमटायची. मग तोच शब्द ह्यांनी बोलायचा, त्याची लाल रेघ. दोन्ही जुळल्या की कोपऱ्यातला एक पोपट पंख फडफडवायचा. पोपट ह्यांना अजिबात आवडला नाही, त्यालाही 'पुरे झालं' ऐकावं लागलं. मॅडमनी विचारलं, काका, तुम्हाला कोणता शब्द शिकायचाय? ह्यांनी डावं बोट माझ्याकडे केलं. मॅडम म्हणाल्या, "वहिनी?" ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

तो शब्द यायला फार दिवस लागले. आधी नुसतं 'अ', मग 'तन'. पोपट ढिम्म. घरी येताना रिक्षात घामेजलेले असायचे. मी म्हणायचे, जाऊ द्या हो, डबा आहे की. त्यावर मान जोरात नाही अशी हलवायचे. ते 'नाही' तोपर्यंत मानेत आलं होतं.

मग एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून कुणीतरी 'रतन' म्हणालं. जड, 'र' जरा घसरलेला. मला वाटलं टीव्ही लागलाय. पुन्हा आलं. मी चिमटे लावत राहिले. तिसऱ्यांदा आलं तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही. मग तुमचा आवाज आला, 'वहिनी, जरा इकडे या!' आणि मी हातातली चादर तिथेच टाकून धावत आत गेले. हे खुर्चीत बसले होते. डब्याकडे बोट करायचे, मग माझ्याकडे बोट करायचे, आणि हसायचे. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग समोर बसवलं आणि पुन्हा म्हणाले. तुम्हाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? "बद्रीला सांगा, तुझी बायको तुझ्यापेक्षा माझं ऐकते." मी सांगितलं. त्यांनी 'मला कुणी विचारलंय का?' दाबलं.

पुढची दोन वर्षं घरात दोन्ही हाका होत्या. निवांत असले की रतन, घाई असली की वहिनी. गेल्या मेमध्ये दुसरा झटका आला आणि फार लांबलं नाही. शेवटचे दिवस दवाखान्यात होते, डबा घरीच राहिला होता. त्यामुळे शेवटी जे काही बोलले ते स्वतःच्या आवाजात. त्याचं मला समाधान आहे.

आता तेराव्याचं लिहिते. कधीतरी लिहायला हवंच. घरात माणसं भरली होती, मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही बाहेर गुरुजींजवळ बसला होतात. तुम्ही अगदी साधेपणाने म्हणालात, "वहिनी, चहा द्या." आणि मी आतून म्हणाले, "आणते हो, जरा म्हणून दम नाही तुम्हाला!" ज्या सुरात चार वर्षं ह्यांना म्हणत होते त्याच सुरात. मी कप घेऊन दारात आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुमच्या त्याआधीच आलं होतं. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही उठून चपला घातल्यात ते जेवणाची पानं मांडेपर्यंत परत आला नाहीत, आणि आल्यावर कुणाशी बोलला नाहीत. मी आत जाऊन रडले हे खरं आहे. तेवढंच तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. पण त्यात दुसरंही काही होतं, ते कुणाला दिसलं नाही. त्या एका वाक्यापुरते हे बाहेरच्या खोलीत बसलेले होते, चहाची वाट बघत. तसं मला पुन्हा कधी मिळणार नव्हतं आणि ते तुमच्यामुळे मिळालं. तुम्ही माझं काही दुखवलं नाहीत. तुमच्या आवाजाने मला त्रास होईल असं समजून तुम्ही गप्प बसला आहात. त्रास होतो तो या गप्प बसण्याचा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. मॅडमकडे संभाजी नावाचे एक पेशंट येतात. कात्रज डेपोला बसड्रायव्हर होते, आमच्यासारखंच झालंय, भिंतीकडे तोंड. मी डबा त्यांना दाखवायला नेला. त्यांनी 'पुरे झालं आता' तीनदा दाबलं आणि डबा परत देईनात. आवाजही हाच हवा, असं खुणेने सांगितलं. पण वाक्यं नवी भरायला हवीत, आणि रेकॉर्डचं बटण तुम्ही लाखेने बंद करून ठेवलंय, ह्यांच्या हातून पुसलं जाऊ नये म्हणून. तेव्हा तुम्हाला पुण्याला यावं लागेल. त्यांच्या बायकोचं नाव राधा. ती म्हणाली, "काका लाजणार असतील तर आधीच सांगा, मला घरात वहिनी-बिहिनी चालणार नाही." म्हणजे या वेळी सुटका नाही, 'राधा, चहा दे' असंच म्हणावं लागेल. मॅडमनी मला विचारलं, जुना आवाज पुसायच्या आधी तुम्हाला सीडी करून देऊ का? मी नको म्हटलं. माणूस बंगलोरला धडधाकट आहे, त्याच्या आवाजाची सीडी मी कशाला ठेवू? यायची तारीख कळवायला कार्ड टाकू नका, फोन करा. आणि मला पूर्वीसारखीच हाक मारा. तुम्ही हाक मारल्यावर मी लगेच काही बोलले नाही, तर फोन ठेवून देऊ नका. मी ऐकत असेन.

तुमचीच वहिनी,
रतन