माडांच्या वाट्याचं खत

लांजा, १० जून

चि. हर्षद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आमच्या दरीत फोन लागत नाही, आणि लागलाच तर तू मिरकरवाड्याच्या मासळी-लिलावात ओरडत असतोस, म्हणून हे पत्र. यंदापासून अनुदानाचा युरिया जमिनीच्या मापानेच मिळतो. मळ्यात आम्ही तीन गोणी ओतायचो, हाती आली एक. बाहेरून घेणं परवडत नाही. तुझे भावजी मुंबईहून सांगतायत की भात काही पिकणार नाही, मळा पड टाकू. एकदा पड टाकला की रान माजतं, मग पुन्हा नांगर कोण धरतो? माझ्याच्याने तो मळा सोडवत नाही रे. आपले बाबा शेताला मासळीचं खत घालायचे. तुझ्या बंदरात मिळालं तर पाठव.

कळावे. माया पातळ करू नकोस.

राजश्री

मिरकरवाडा, २२ जून

ती. ताईस हर्षदचा शि. सा. नमस्कार.

गेल्या आठवड्यात टेम्पोवाल्या बाळाकडून पाठवलेली दोन पोती मळ्यात घालू नकोस. बर्फाची गाडी खोळंबली होती, त्या घाईत मी चुकीच्या ढिगातली भरली. तो खारवलेल्या मासळीचा भुगा आहे, निम्मं मीठच. चिखलात मिसळला तर रोपं करपतील. आरोही म्हणते, बहिणीने खत मागितलं आणि तू तिच्या मळ्याचं खारं खाजण केलंस. बायकोचं बोलणं पहिल्यांदाच मुकाट ऐकून घेतलं. दोन दिवस फोन लावतोय, लागत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. उशीर झाला नसेल तर लगेच कळव.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

हर्षद

लांजा, ५ जुलै

चि. हर्षद यास आशीर्वाद.

पोटभर जेव. पोती उतरवली तशी आमची तांबू गाय ती चाटत बसली, हाकलली तरी हटेना. मला शंका आली. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं झालं. बंदरावर एवढी वर्षं काढून तुला मीठ ओळखू येऊ नये, कमाल आहे. दोन्ही पोती माडांच्या आळ्यांत गेली, त्यांना मीठ मानवतं. मळ्यात मी आणि हौसा जाऊबाईंनी खतासाठी गिरीपुष्पाचा पाला चिखलात तुडवला, वर ती एक गोणी बेताने टाकली. तुझे भावजी म्हणाले, पाल्यावर भात पिकलं तर मी स्वतः कापायला येतो. मी हसले खरी, पण मनात धाकधूक आहे.

आरोहीला माझ्याकडून शाबासकी दे.

राजश्री

लांजा, २८ ऑक्टोबर

चि. हर्षद व सौ. आरोही यांस आशीर्वाद.

भात घरात आलं. थोडं कमी भरलं, पण दरवर्षीसारखं आडवं पडलं नाही, दाणाही भरदार आहे. मळ्याखालच्या वहाळाच्या पाण्यात दरसाल युरिया उतरून हिरवं शेवाळ दाटायचं. यंदा तळातले दगड दिसतात आणि त्यांच्याखाली नांग्या हलवत कुर्ल्या परतल्यात. माझा जीव भांड्यात पडला.

तुझे भावजी शब्दाला जागले. पाठ धरली तरी कापत राहिले, शेवटच्या दिवशी कुर्ल्यांचं कालवण चाटूनपुसून खाल्लं. सकाळी बघते तर बांधावर खुंट्या ठोकून खुणा करतायत. विचारलं, तर म्हणाले, पावसाळ्यात इथे गिरीपुष्प लावायचं, म्हणजे पुढे तुला पाला कमी पडायला नको.

दिवाळीला दोघं या. येताना मासळी आण, ताजी.

राजश्री