गाठीतली खडीसाखर

बाई, आज लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापाशी टांग्यात बसले, तर शेजारच्या म्हातारीने न विचारताच माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी खोटं बोललेली मी अजून तिथेच उभी आहे.

लग्न झालं आणि माझी शाळा सुटली. सासर स्टेशनच्या रस्त्यावर, तुमची शाळा लहरीपुऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, "शिकायचंच असेल तर घरात बसून शीक." तुम्ही त्यांना शब्दात पकडलंत. रोज टांग्याच्या अड्ड्यावर जाऊन स्टेशनकडे निघालेला उतारू हेरायचा, त्याच्या हाती धड्यांची पोटली द्यायची, तो जाता जाता ती आमच्या ओट्यावर ठेवणार. संध्याकाळी परतणाऱ्या टांग्यातून माझी वही तुमच्याकडे. गावात अशा आम्ही पाच-सहा लेकीसुना होतो. पोटलीच्या गाठीत खडीसाखरेचा एक खडा असायचा, तो नेणाऱ्याचा. "अगं, माणूस जातोच आहे, हातही रिकामेच आहेत," तुम्ही म्हणायचात. मला हसू यायचं. उतारू म्हणजे काय सरकारी टपालवाला? पण एकही पोटली हरवली नाही. मालधक्क्यावर कामाला जाणारे एक गुजराती काका तर आपले रोजचेच झाले. "लावो बेन, रस्तामां ज छे," द्या, वाटेतच आहे, एवढंच त्यांचं बोलणं.

मग शिक्षिकेच्या परीक्षेचा अर्ज आला. मी तो भरते, पोटली बांधते, गाठीत खडा घालते. संध्याकाळी काकांचा टांगा दारापुढे हळू होतो, आणि मी दाराआड उभी. नापास झाले तर या घरात तोंड कसं दाखवू? टांगा पुढे गेला.

मुदत टळल्यावर तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "काकांकडे दिला होता की!" तुम्ही त्यांना अड्ड्यावर चारचौघांत सुनावलंत. दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्याशी आले, टोपी हातात. "बेन, तमे आप्युं ज हशे. हुं ज क्यांक भूली गयो. उंमर थई. माफ करजो." मी अर्ज दिलाच असेल, तेच कुठेतरी विसरले, म्हणून माफी मागत होते. मी मान हलवली, बाई. मी त्यांना माफ केलं! अजून आठवलं की जीव शरमेने अर्धा होतो.

तुम्ही पोटल्या बंद केल्यात. बाकीच्या मुलींचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

अर्ज अजून माझ्या ट्रंकेत आहे. हे पत्रही त्याच्यावरच ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. काकांचा तो खडा त्याच संध्याकाळी मी गाठ सोडून काढला आणि खाल्ला.