दहा सेंटिमीटरची रेघ

सोमवार, ४ मार्च
आठला हॉस्पिटल. फाइल मिळाली. जेवण कँटीनमध्ये. सहाला घरी.

फाइल म्हणजे आमच्या पेन क्लिनिकची वेदनेची प्रश्नावली. ती आता अरबी बोलणाऱ्या पेशंटसाठी तयार करायची आहे. बंदराच्या कामावर आलेल्यांची कुटुंबं इकडे वाढली आहेत आणि त्यांचं दुखणं आजवर हातवाऱ्यांवर चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाअखेरीस कमिटी आहे. प्रश्नावली पास झाली की डोस त्या आकड्यावर ठरणार, तेव्हा नीट करा. मग म्हणाल्या, तुम्ही अजून थोडी रजा घेतली असती तरी चाललं असतं, चारच महिने झालेत. म्हटलं, मॅडम, मी ठीक आहे.

इतकी वर्षं प्रश्नावल्या करतो आहे. वेदना नीट विचारली तर नीट मोजता येते.

संकल्प: रोज एक अरबी अक्षर. अठ्ठावीसच आहेत. कमिटीपर्यंत वाचता येईल.

बुधवार, ६ मार्च
दुभाषी बाई भेटल्या. वडील तिकडचे, आई आपल्यातली, दोन्ही भाषा पाण्यासारख्या. त्यांनी एक सूचना केली. पेशंटला कसं वाटतंय विचारलं की तो आधी देवाचे आभार मानणार. त्याचा अर्थ दुखत नाही असा घ्यायचा नाही, ती नुसती सुरुवात असते. आपण गप्प बसायचं, जरा थांबायचं, मग तो बोलतो. म्हटलं, बाई, प्रश्नावलीत थांबायला रकाना नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, मग करा की एक.

चांगल्या आहेत, पण शास्त्रीय शिस्त नाही.

मेहुणीचा फोन. भावोजी, जेवलात का? म्हटलं, जेवलो. काय जेवलात? आठवेना. म्हटलं, नेहमीचंच. ती म्हणाली, रविवारी येते, ताईचं कपाट आवरून टाकू. म्हटलं, या महिन्यात प्रोजेक्ट आहे.

संध्याकाळी छातीत जड. ॲसिडिटी. कँटीनच्या तेलाबद्दल कोणी तक्रार करत नाही.

सोमवार, ११ मार्च
प्रश्नावलीचा जीव म्हणजे शेवटच्या पानावरची रेघ. दहा सेंटिमीटर. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त दुखू शकत नाही’. पेशंट मधे कुठेतरी खूण करतो, आपण फूटपट्टी लावायची. जितके मिलीमीटर, तितकं दुखणं. इतकं सोपं.

अरबी उजवीकडून वाचतात म्हणून मांडणीवाल्याने सगळं पान आरशात धरल्यासारखं उलटवलं. सुबक दिसतंय. त्याने सोबत लांबलचक मेल पाठवली आहे, सवडीने वाचेन. सही केली.

अक्षरं: तीन. तिन्ही सारखीच दिसतात, फक्त टिंबांचा फरक. मध्ये चार दिवस सुटले, रविवारी दुप्पट करणार होतो, पण रविवारी डोकं दुखलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

शुक्रवार, १५ मार्च
चाचणी सुरू. दुभाषी बाईंना घेऊन वॉर्डात.

पहिले क्रेनवाले आजोबा. जन्मभर बंदरावर क्रेन चालवली. कॅन्सर आता कमरेच्या हाडात उतरलाय. मुलगी उशाशी बसून. आजोबांनी देवाचे आभार मानले. दुभाषी बाई थांबणार होत्या, मी पेन पुढे केलं. आजोबांनी खूण केली, बाई पुढच्या पलंगाकडे वळल्या. फूटपट्टी लावली. आठ मिलीमीटर! इतक्या आजारात आठ. चालू औषधाचं यश म्हणायचं.

मग शेजारचा पाय मुरगळलेला तरुण. उद्या घरी जाणार. सिस्टरांची नक्कल करून सगळ्या वॉर्डाला हसवत होता. त्र्याण्णव मिलीमीटर. इथेच तर शास्त्र लागतं. हसऱ्या माणसाच्या आत काय चाललंय ते त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. नाव अधोरेखित करून डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी पाठवली.

सिस्टर म्हणाल्या, साहेब, आजोबा कूस बदलताना पलंगाचा गज गच्च धरतात हो. म्हटलं, क्रेनवाले आहेत, दांडा धरायची सवय असेल. त्या आजोबांची उशी नीट करायला वळल्या.

मंगळवार, १९ मार्च
डॉक्टरीणबाई आकड्यांवर खूश. कमिटीला आधीच उपयोग दाखवता यावा म्हणून क्रेनवाल्या आजोबांचा डोस कालच अर्धा केला. तरुणाला घरी न सोडता मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. तो म्हणाला म्हणे, अहो, माझा पाय मुरगळलाय, डोकं नाही.

व्हरांड्यात आजोबांच्या मुलीने गाठलं. दुभाषी बाईंनी सांगितलं, बाबांचा काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं ती म्हणतेय, उशी तोंडात धरतात म्हणतेय. मी तिला आकडा दाखवला. आकडा पाहून ती परत वॉर्डात गेली. पटलं असावं.

नातेवाइकांना फार वाटतं. साहजिक आहे. आमच्या हिच्या आजारात मलाही वाटायचं. ही विचारल्यावर म्हणायची, बरंय, तुम्ही जा ऑफिसला.

संकल्प: उद्यापासून सकाळी फिरणे.

रविवार, २४ मार्च
मेहुणी आलीच. दारातच म्हणाली, भावोजी, आरशात बघता का कधी? मी चहा केला. तिने एक घोट घेतला आणि विचारलं, साखर महाग झालीय का? मग कपाटाचा विषय. म्हटलं, चावी सापडत नाही. ती म्हणाली, कपाटालाच लावलीय. म्हटलं, ती नव्हे.

मग ती बसून रडली. मी प्रोजेक्टची माहिती दिली. रेघ, फूटपट्टी, सगळं. ती डोळे पुसत म्हणाली, तुम्हाला काही होतच नाही का हो? म्हटलं, मी ठीक आहे. बस गाठायची म्हणून चहा अर्धा टाकून गेली.

तिला अजून सावरता आलेलं नाही. कोणाशी तरी बोलायला हवं तिने.

फिरणे: सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलेलं टिकत नाही.

मंगळवार, २६ मार्च
कमिटीपुढे प्रात्यक्षिक करायचं, त्याची तालीम. पेशंट म्हणून मी बसलो. दुभाषी बाईंनी आधी अरबीत विचारलं, मग आपल्या भाषेत. कसं वाटतंय? म्हटलं, ठीक. त्या थांबल्या. मी म्हटलं, पुढे चला. त्या थांबूनच राहिल्या. पंख्याचा आवाज येत होता. पुन्हा म्हटलं, ठीक.

त्यांनी पान पुढे सरकवलं. मी रेघेच्या अगदी डाव्या टोकाला खूण केली. स्वच्छ शून्य.

त्या पानावर वाकल्या. हळूच म्हणाल्या, दादा, इतकं होतंय तर कोणाला सांगायचं नाही का?

म्हटलं, बाई, शून्य आहे ते.

त्यांनी उजव्या टोकावर बोट ठेवलं. शून्य इकडे, म्हणाल्या. पान उलटं आहे ना. तुम्ही केलीय ती शेवटची खूण, याच्यापुढे काही नाही.

म्हटलं, सवयीने झालं. त्या म्हणाल्या, हो.

आणि मग मला क्रेनवाले आजोबा आठवले. मी सगळ्यांना डावीकडूनच फूटपट्टी लावली होती. आठ म्हणजे ब्याण्णव.

लिफ्ट येईना. जिन्याने गेलो. डॉक्टरीणबाईंकडे पेशंट होता, दार न वाजवता आत शिरलो. त्यांनी ऐकलं, फोन उचलून वॉर्डाला डोस पूर्ववत करायला सांगितला. मग त्या पेशंटला म्हणाल्या, सॉरी, तुमचं काय चाललं होतं?

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, २८ मार्च
खरं तर मांडणीवाल्याने कळवायला हवं होतं. मेल उघडली. कळवलंय. ठळक अक्षरात.

प्रश्नावली माझ्याकडून काढून दुसऱ्या विभागाला दिली. कमिटी पुढच्या तिमाहीत. तोवर वॉर्डात हातवारेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रजा घ्या, ही विनंती नाही. पाय मुरगळलेला तरुण मानसोपचारातून सुटून घरी गेला. तिथेही सगळ्यांना हसवलं म्हणे.

अरबी अक्षरं: तीनच.

शुक्रवार, २९ मार्च
रजेचा अर्ज देऊन वॉर्डात गेलो. दुभाषी बाई सोबत आल्या. फूटपट्टी नेली नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना.

आजोबा जागे होते. डोस वाढवला तरी दुखणं पूर्ण उतरलेलं नाही, सिस्टर म्हणाल्या, एकदा हाताबाहेर गेलं की परत ताब्यात यायला दिवस लागतात. मुलीने मला पाहून तोंड फिरवलं. मी म्हटलं, माझी चूक झाली. दुभाषी बाईंनी सांगितलं. आजोबांनी देवाचे आभार मानले. आम्ही थांबलो. या वेळी मीही थांबलो. बऱ्याच वेळाने ते बोलले. कुठे दुखतं, कसं दुखतं. गरम सळईसारखं, म्हणाले, पहाटे जास्त. मी काही लिहून घेतलं नाही.

मग त्यांनी मला काहीतरी विचारलं. दुभाषी बाई म्हणाल्या, घरी कोण असतं विचारतायत.

म्हटलं, बायको.

दुभाषी बाईंनी ते लगेच त्यांना सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं उत्तर देईन म्हणून थांबल्या. मग त्या आजोबांशी खूप वेळ बोलल्या, माझ्या एका शब्दापेक्षा पुष्कळच जास्त. आजोबांनी गजावरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि काहीतरी म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

चारला घरी. पलंगावरची चादर बदलायला घेतली. मोठी चादर, दोघांच्या पलंगाची. एका बाजूने खोचली की दुसऱ्या बाजूने निघत होती. पलीकडे गेलो, खोचली, अलीकडची निघाली. पुन्हा अलीकडे आलो.