वहीतली प्यादी एकेकच घर चालतात

अबोली,

तुझ्या चंदूकाकाचं लग्न झालं त्या वर्षी तू मला अक्षरं शिकवलीस, म्हणून ही चिठ्ठी लिहू शकतोय. बुद्धिबळातल्या सुरुवातीच्या चालींची तुझी हिंदी वही मी नेतोय, शोधत बसू नकोस.

चौकातला तो रद्दीवाला मला आधीच खटकला होता. “बिटिया, सीखने के लिए इससे अच्छी चीज़ पूरे लखनऊ में नहीं,” म्हणाला, पण वही उघडून बघू देत नव्हता. काल मी ओळीखाली बोट धरून ती वाचली आणि प्रत्येक चाल पटावर मांडली. एकही प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नाही, आणि राजा एकदा घोड्यासारखा उडतो. हा जुना देशी खेळ. पलटणीत आम्ही असाच खेळायचो. रविवारच्या स्पर्धेत तू असा राजा उडवलास तर फजिती होईल.

फसवलं म्हणून सकाळी भांडायला गेलो. तो म्हणाला, “बाबूजी, अब्बा तो ऐसे ही खेलते थे.” बापाचं हस्ताक्षर कोणी विकतं का, असं विचारल्यावर रडायलाच लागला. अब्बांना जाऊन आज चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळीसावा आहे. वही परत देऊन तिथेच बसेन, जेवायला थांबू नका.

क्लबातल्या सरांकडून नव्या नियमांचं पुस्तक आण. तेही आधी मला दाखव. छापलंय म्हणून लगेच खरं मानू नकोस.

तुझे आजोबा

ता. क. वही लिहिणारे रज़ीसाहेब २८ जानेवारी १९९५ला वारले.